राखीव खुर्ची

आमच्या नकाशा कचेरीत कर्णबधिर कर्मचाऱ्यासाठी एक जागा राखीव होती आणि ती आम्ही अत्यंत निष्ठेने राखली होती. इतकी, की त्या जागेवर वर्षानुवर्षं कोणाला बसू दिलं नव्हतं. खिडकीजवळचं टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, समोर फिरती खुर्ची. शिपाई रोज सकाळी त्या खुर्चीवरून फडकं फिरवत असे. वरून कोणी तपासणीला आलं की साहेब त्यांना मुद्दाम तिथे नेत आणि आवाज जरा खाली आणून म्हणत, "ही आमची राखीव जागा." पाहुणे भारावून जात.

त्या खुर्चीशेजारी एका स्टुलावर नकाशेवाली बसत असे. विरत चाललेले जुने नकाशे नव्या कागदावर उतरवणं हे खरं तर खुर्चीचं काम, पण ते करायची ती, रोजंदारीवर. ती जन्मापासून बहिरी होती. तिचं बहिरेपण आणि शेजारची रिकामी खुर्ची यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल, अशी शंका आमच्यापैकी कोणालाही कधी आली नाही. आम्ही कामात असायचो.

मग वरून हुकूम आला: जागा भरा, नाहीतर न भरण्याचं कारण कळवा. रिवाजाप्रमाणे साहेबांनी आधी कारणच शोधलं. पण सगळी कारणं मागच्या खेपांना वापरून झाली होती. नाइलाजाने जागा भरायचं ठरलं.

नकाशेवालीने अर्ज केला. आम्ही सगळ्यांनी तिला अंगठे वर करून दाखवले. ती इतकी खूश झाली की मोबाइलवरचा एक फोटो तिने टेबलाटेबलावर नेऊन दाखवला. फोटोत एक खोली होती. एक खिडकी, एक नळ, भिंतीला नवा रंग. भावाच्या घरात तिची आई स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली झोपत होती. कायम झाली की आईला घेऊन ती या खोलीत राहायला जाणार होती. खोलीवाला थांबायला तयार होता.

निवड समिती तिघांची होती. साहेब, हेडक्लार्क आणि बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञ मूळचे घशाचे होते, पण कान तिथून फार लांब नसतो. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसलो होतो.

मुलाखतींची पद्धत आमच्याकडे ठरलेली आहे. शिपाई दारात उभा राहून उमेदवाराला तीनदा पुकारतो. त्याप्रमाणे त्याने पहिल्या उमेदवाराला पुकारलं. उमेदवार आत आला. तज्ज्ञांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"शिपायाने हाक मारली ती ऐकू आली?"

"यंत्र लावलं की थोडंफार येतं, साहेब."

"मग तुम्ही इथे कशाला आलात? ही जागा ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आहे."

तो अपात्र ठरला. दुसऱ्या उमेदवाराला तीनदा पुकारलं, पण तो बाकावरून उठला नाही. त्याच्यापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. पुढचे सगळे या दोन्हीपैकी एका बाजूला गेले. समितीचं काम झपाट्याने चाललं होतं.

मग नकाशेवालीची पाळी आली. शिपायाचं तोंड ती सकाळपासून एकटक बघत होती. तिने ओठ ओळखले आणि आत आली. मागोमाग तिची वहिनी आली.

"आलात?" तज्ज्ञ निराश होऊन म्हणाले. "म्हणजे यांनाही ऐकू येतं."

"नाही हो साहेब," वहिनी म्हणाली, "माझ्या नणंदेला काडीचं ऐकू येत नाही. ती ओठ बघते. तुम्ही समोरून विचारा, ती हातांनी सांगेल, मी बोलून दाखवते."

"बाई, ओठ आम्हीही बघतो. ते नियमात बसत नाही."

पण साहेब न्यायी होते. इतकी वर्षं आपल्याच कचेरीत राबलेली बाई, तिला एक संधी द्यायला हवी, असं ते म्हणाले. वहिनीला बाहेर बसवलं, कारण बाहेरची मदत चालत नाही. नकाशेवालीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आणि समितीने तिच्या पाठीला प्रश्न विचारले. नकाशाचं प्रमाण म्हणजे काय? नदी कोणत्या रंगाने दाखवतात? ती भिंतीकडे बघत राहिली.

"बहिरेपण सिद्ध झालं," तज्ज्ञ म्हणाले.

"अभिनंदन," हेडक्लार्क म्हणाले. "पण एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. विषयाचं ज्ञान शून्य."

साहेबांनी हळहळून मान हलवली.

शेवटचा उमेदवार म्हणजे साहेबांचे मेव्हणे. साहेब तत्त्वाचे पक्के. नात्याचा माणूस येणार म्हटल्यावर ते अध्यक्षांची खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. मेव्हण्यांना तीनदा पुकारलं, ते आले नाहीत. कानात इअरफोन घालून ते सामना बघत होते. इतरांना जो शेरा मिळाला तोच त्यांना मिळणार होता, पण तज्ज्ञांनी हात वर केला. "तीन हाका मारूनही माणूस हलत नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?" मेव्हण्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येत असल्याचा दाखला या तज्ज्ञांनीच दिला होता. त्यांना खांद्याला धरून आत आणलं आणि आदराने समोर बसवलं. नदीचा रंग त्यांनी दुसऱ्या प्रयत्नात बरोबर सांगितला.

मेव्हणे फिरत्या खुर्चीवर बसले. काम माहीत नसल्यामुळे ते नकाशेवालीच करत राहिली. आठवडाभरातच साहेबांनी कर्णबधिर सन्मान सोहळा घेतला. ध्वनिक्षेपक भाड्याने आणला. मेव्हण्यांनी कर्णबधिरांच्या व्यथांवर तासभर भाषण केलं. नकाशेवालीला पहिल्या रांगेत, मोठ्या कर्ण्याच्या अगदी समोर बसवलं होतं. बहिरी माणसं टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून हलवतात, असं हेडक्लार्कनी कुठेसं वाचलं होतं. आम्ही सगळ्यांनी हात हलवले. फोटो छान आले.

सोहळ्यानंतर हिशेबखात्याला शंका आली. राखीव जागा भरली असताना त्याच कामासाठी रोजंदारीवर माणूस का? प्रश्न बिनतोड होता. नकाशेवालीला उद्यापासून येऊ नये असं कळवण्यात आलं. कळवलं तोंडीच, पण समोरून.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. आम्ही दारात जमलो. ती हातांनी बोलत होती. हात छातीशी नेत होती, खुर्चीकडे दाखवत होती, मध्येच तो खोलीचा फोटो काढून काचेवर बोट आपटत होती, परत बोलत होती. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. थांबायचं नावच घेत नव्हती.

"हो, हो, बघू," साहेब म्हणत राहिले. शेवटी त्यांनी मेव्हण्यांना बोलावलं. "बघा हो जरा, तुमची भाषा आहे."

मेव्हण्यांनी एक इअरफोन काढला, तिच्या हातांकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "त्या म्हणतात, सगळ्यांनी फार सांभाळून घेतलं. आभारी आहे."

साहेबांचे डोळे भरून आले. आम्ही हात वर करून हलवले. नकाशेवालीने आमच्याकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

या ठिकाणी आपण हसलात. संकोच नको, आम्हीही हसलो होतो. तिला न्यायला आलेली वहिनी तेव्हा आमच्या मागेच उभी होती. तिला त्या हातांमधला शब्दन् शब्द कळत होता. आम्ही कोणी तिला विचारलं नाही. आम्ही काय, कचेरीतली माणसं. पण आपण तर मनापासून वाचत होतात. साहेब काय म्हणाले, तज्ज्ञ काय म्हणाले, ते सगळं ऐकून घेतलंत. ती बाई इतका वेळ काय सांगत होती, हे आपल्याला तरी विचारावंसं वाटलं का?

नसेल वाटलं, तर कळवा. तज्ज्ञ निवृत्त होत आहेत, आमच्या समितीवर एक जागा आहे.