मोटुहिवा बेटी प्लग उपसला त्याची हकीकत

समुद्रास आणि समुद्राखालील तारेस नमन करून, मोटुहिवा बेटावर जो बाका प्रसंग गुदरला तो देखिला ऐकिला तैसा लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर चवीपुरतेच.

ते समयी नेइयाफू बंदरी राजमान्य सिआओसी, टेलिफोन खात्याचे जाळेदार, खुर्चीनशीन होते. इसम हुशार, परंतु मिजास भारी. शनिवारी दुपारी आमच्या टोंगाचा रग्बीचा सामना, आणि मोटुहिवाच्या सभागृही पडदा लागला, आणि म्हातारीकोतारी, लेकरेबाळे तांबडे सदरे लेवून चटया अडवून बैसली. चित्र अडखळू नये म्हणोन सामन्याखातर एक नवी वाट खुली करावी, ऐसा मनसुबा सिआओसींनी केला, आणि सभागृहातील स्विचास, म्हणजे तारेने येणारी चित्रे-बोलणी वाटावाटांनी वाटून देणाऱ्या यंत्रास, बंदरातूनच फर्मान लिहून धाडिले.

या यंत्राचा शिरस्ता ऐसा की, चालू वाटांत नवी वाट घालणे तर आधी ‘अ‍ॅड’ शब्द लिहावा. न लिहिल्यास यंत्र समजते, जुन्या तमाम बरखास्त आणि हीच एक बहाल. पुढील शब्द न स्मरे तर प्रश्नचिन्ह लिहावे, यंत्र आपण होऊन सांगते. परंतु यंत्रास पुसणे यांस कमीपणाचे वाटले, आणि पुसिले नाही, आणि ‘अ‍ॅड’ राहिला, आणि एंटर दाबिला. मग पडदा काळा, मोबाईल मुके, आणि ज्या वाटेने सिआओसी आत शिरले तीही बंद. बैसल्या फांदीवरच कुऱ्हाड घातली.

उमेद एकच. फर्मान कायम दप्तरी चढविणे राहिले होते. वीज तोडून पुन्हा दिली तर यंत्र ते विसरून जुन्या बंदोबस्तावर येणार. होडीने जावे तो सामना आटोपणार. सभागृहाच्या कारभारीण अकेनेताबाई, सिआओसींच्या सख्ख्या आत्या. आमचे मुलखी आत्येचा मान बापाहून थोर. तरी किटलीसाठी या स्विचाचाच प्लग उपसतात म्हणोन गेल्या नाताळात भाच्याने त्यांचा भरसभेत पाणउतारा केला होता. निरुपाये सिआओसी वायरलेसवर आले, जो सभागृहीही असे आणि बंदरातील यच्चयावत होडी ऐकते.

“आत्या, तेवढा स्विचचा प्लग काढ गं.”

“कुठला? हात लावशील तर याद राख म्हणालास, तो?”

“चुकलं गं माझं.”

“ऐकू येत नाही, बाबा. मोठ्यानं बोल.”

“चुकलं! सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर माफी मागतो!”

मध्येच एका होडीतून कोळी गरजला, “काढ ना मावशे, सामना सुरू होतोय!”

मग बाईंनी प्लग उपसला, आणि जागा रिकामी दिसताच किटली लाविली, आणि पाणी उकळेतो सिआओसी बंदरी घामाघूम. मग प्लग स्वस्थानी आला, आणि जुन्या वाटा बहाल जाहल्या, आणि पडदा उजळला, आणि सभागृही एकच गलका उठला.

येणेप्रमाणे मोटुहिवा फत्ते जाहला. सामना हरलो, तो मजकूर या बखरीचा नव्हे. पुढे सिआओसी जातीने बेटी आले, आणि किटलीस वेगळे सॉकेट बसविले, आणि ‘हात लावू नये’ हा जुना कागद फाडून नवा चिकटविला: ‘आत्येखेरीज कोणीही हात लावू नये.’

आत्याबाई किटली अद्याप जुन्याच जागी लावितात.