आधी आपण, मग प्रवासी

त्या घरातला शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. तो सुरू झाला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, पाठीतून पोटाकडे सरकत आलेल्या एका कळेने. गरोदर लेकीने भिंतीला हात टेकून वीसपर्यंत मोजलं आणि कळ ओसरल्यावर ठरवून टाकलं, या खेपेला बाबांना इतक्यात सांगायचं नाही.

त्याला कारण होतं. खोट्या कळांनी आधी दोनदा चकवलं होतं. दोन्ही वेळा बाबा बॅग घेऊन तिच्या आधी टॅक्सीत जाऊन बसले होते, आणि दोन्ही वेळा परतताना खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "चला, रंगीत तालीम झाली." दिवस भरून आठवडा उलटला होता. नवरा मालट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता, तो बुधवारी यायचा होता. आणि गुरुवारी बाबांच्या डोक्यातल्या गाठीचं ऑपरेशन होतं. सर्जन सरळ माणूस होता. शुद्धीवर आल्यावर माणसं ओळखू येतील याची हमी त्याने दिली नव्हती. बाबांनी त्याला एवढंच विचारलं होतं, "म्हणजे नातवंडाचं तोंड बुधवारपर्यंत बघून ठेवलेलं बरं, असंच ना?"

तिने दार लोटून दवाखान्यातल्या नर्सताईंना फोन लावला. "पाच-पाच मिनिटांनी यायला लागल्या की निघा," त्या म्हणाल्या. "तोवर चाला, पाणी प्या, आणि घरातल्यांना शांत ठेवा."

पहिल्या दोन गोष्टी जमण्यासारख्या होत्या.

ती बाहेर आली तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी कामाला लागलेले होते. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्तीनंतरही हात स्वस्थ नव्हते. टेबलावर खजुराचा डबा, चिरलेलं अननस, हिरव्या मिरच्या, एक काळपट बाटली, स्टॉपवॉच आणि त्यांची कामाची वही ओळीने मांडून ठेवली होती.

"बस, ठकू. आज काम संपवायचं."

"बाबा, मी लिफ्ट नाही."

"तेच तर. लिफ्ट असतीस तर केव्हाच खाली आणली असती."

नोकरीत बाबांचा एक नियम होता. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी ते स्वतः मारत, मगच लोकांना आत घेत. आधी आपण, मग प्रवासी. तोच नियम त्यांनी इथे लावला. सात खजूर आधी स्वतः खाल्ले, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले, काही बिघडलं नाही असं बघून मग सात तिच्यापुढे सरकवले. अननसाचं तेच. मिरची त्यांनी अख्खी चावली, डोळे पुसले आणि "ही बाद," म्हणून वहीत लिहिलं. मग हात बाटलीकडे गेला.

"एरंडेल नाही हं," ती म्हणाली. "नर्सताईंनी नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलंय. बाळाला त्रास होतो."

"त्यांनी स्वतः घेऊन पाहिलंय का?"

"बाबा, ठेवा ती बाटली."

तिचा हात पोचायच्या आत त्यांनी दोन मोठे चमचे घशाखाली उतरवले, तोंड वाकडं केलं आणि स्टॉपवॉच सुरू केलं. "तुला देत नाहीये. नोंद असावी म्हणून."

पुढचा उपाय जिना. घर चौथ्या मजल्यावर, खालपर्यंत बहात्तर पायऱ्या. ती एकदा खाली गेली, वर येताना तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तिला दंडाला धरून लिफ्टमध्ये घातलं. "काका, पोरीचे हाल किती कराल? तुम्हाला जिना आवडतो तर तुम्ही चढा."

बाबा चढले, पण थेट गच्चीवरच्या यंत्रखोलीपर्यंत. लिफ्टवाल्यांची एक रीत असते. काम चालू असताना मुख्य बटण बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. त्या कुलपाला चावी एकच, ती ज्याचं कुलूप त्याच्याच खिशात, आणि दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. बाबांचं जुनं कुलूप अजून धड होतं, ते त्यांनी लावून टाकलं. तळमजल्यावर त्यांनी पाटीही लटकवली, 'काम चालू आहे'.

"कसलं काम?" तिने विचारलं.

"तुझं."

ती चढली, उतरली, पुन्हा चढली. कळ आली की कठड्याला धरून थांबायची आणि म्हणायची, "पायाला गोळा आला." बाबा मान हलवायचे, घड्याळात बघायचे.

साडेदहाला एरंडेलाने आपलं म्हणणं मांडलं. बाबा घाईघाईने संडासात गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा साखळी ओढल्याचा आवाज आला आणि मग दारावर आतून थाप पडली.

"ठकू."

"काय झालं?"

"चावी."

"कुठाय?"

"सदऱ्याच्या खिशात होती. मी वाकलो. पाण्याबरोबर गेली ती."

त्याच क्षणी तिला खुर्चीची पाठ धरावी लागली. टेबलावरचं स्टॉपवॉच अजून पळत होतं. आधीच्या कळेपासून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"बाबा, निघायला हवं."

मग विजयी आवाज आला. "आली?"

"आली."

"जिन्यानेच आणली. सांगत होतो की नाही?"

खरं सांगायची हीच वेळ होती, पण दाराआडून असा आवाज तिने गाठीचं निदान झाल्यापासून ऐकला नव्हता. ती म्हणाली, "हो बाबा, जिन्यानेच."

मग ती दोघं निघाली. तिसऱ्या मजल्यावर बाबांनी बॅग तिच्या हातात दिली आणि घंटी दाबली. गळ्यात टेप अडकवलेल्या शिंपीणबाईंनी दार उघडलं.

"अगंबाई, आली का वेळ?"

"हिची आलीय. माझी आधी आलीय," म्हणत बाबा त्यांच्या बाजूने आत घुसले.

"आणि लिफ्ट कुणी बंद केली हो?"

"तांत्रिक बाब आहे," आतून उत्तर आलं.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांनी चष्म्यावरून आधी तिच्या पोटाकडे आणि मग बाबांच्या घामेजल्या चेहऱ्याकडे बघितलं. "आमच्या शाळेत विचारून जायची पद्धत होती," ते म्हणाले. तोवर बाबा जाऊनही पोचले होते. ती दारात उभी राहून एक अख्खी कळ मोजत राहिली. मुख्याध्यापकांनी काय करावं ते न सुचून तिला पेपर वाचायला दिला.

दवाखान्याच्या दारात नर्सताई चाकांची खुर्ची घेऊन तयार होत्या. समोर दोन माणसं आली. एक बाई खांद्यावर बॅग घेऊन ताठ चालत होती. तिच्या मागे एक म्हातारा भिंत धरून येत होता, चुन्यासारखा पांढरा पडलेला.

"काका, बसा आधी."

"पेशंट ती आहे."

"बसा बाबा," ती म्हणाली. "आधी आपण, मग प्रवासी."

ते बसले, आणि खुर्ची तिनेच ढकलली.

संध्याकाळी सातला मुलगी झाली. बुधवारचा पूर्ण दिवस बाबांनी तिला मांडीवर घेऊन काढला. जावई आला, शिंपीणबाई आल्या, मुख्याध्यापक आले, आणि प्रत्येकाला त्यांनी बहात्तर पायऱ्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. गुरुवारी सकाळी ते ऑपरेशनला गेले. परत आले नाहीत.

लिफ्ट बंदच राहिली. इमारतीतली सगळी माणसं आठ दिवस जिना चढली, पण कुलूप तोडा असं कुणी म्हणालं नाही. शेवटी कंपनीचा मेकॅनिक आला. तो बाबांच्या हाताखाली शिकलेला होता. "दुसऱ्याचं कुलूप आहे, ताई. घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी कापत नाही. आणि त्यांची वही असेल तर द्या, नोंद बंद करायला लागेल."

तिने वही उघडली. मंगळवारचं पान बाबांच्या बारीक अक्षराने भरलेलं होतं.

'५.१० भिंतीपलीकडे पहिली कळ. वीसपर्यंत मोजताना ऐकलं. कळवलेलं नाही. आपणही विचारलं नाही. तिसऱ्यांदा खोटी निघाली तर तिलाच वाईट वाटेल.

८.४५ एरंडेल स्वतः घेतलं. प्रवाशांसाठी कायम बंद.

९.३० लिफ्ट बंद केली. काम आपोआप चालू आहे, फक्त चालतं ठेवायचं. पायाला गोळा येतो म्हणते. हसू आवरलं.'

ती आधी हसली. बराच वेळ हसत होती, मेकॅनिक बिचारा पक्कड हातात धरून जिन्याकडे बघत उभा राहिला. मग तिने सही केली. कुलूप कापलं गेलं, दिवा लागला.

"पहिली फेरी मी मारतो," मेकॅनिक म्हणाला.

"नाही. मी."

बाळ शिंपीणबाईंच्या हातात देऊन ती एकटी आत गेली. दार बंद झालं. लिफ्टने एक लहानसा झटका घेतला आणि ती खाली निघाली. चौथा मजला वर गेला, तिसरा गेला. मुख्याध्यापकांच्या दाराशी आल्यावर ती समोरच्या पत्र्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "बाबा, कळा खोट्या निघतील म्हणून गप्प राहिले नव्हते मी. मला बाळंतपणाची भीती वाटत होती. तुम्ही सगळं आधी स्वतःवर करून बघत होतात ना, तोवर मला काही होणार नाही असं वाटत होतं."