डेलमरच्या खुणा

हे कुणाला पटायचं नाही, पण एका माणसाने नुसते डोळे पुसून बेसबॉलची अख्खी मॅच घालवली होती. आमच्या आयोवातच. त्या खिडकीतून मैदान दिसतंय ना, तिथे.

डेलमर प्रुइट त्याचं नाव. एकोणीस वर्षं त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा सांभाळली, फुटकळ टीमांमधून, बसने गावोगाव फिरत. हाती आलेला चेंडू गड्याने कधी सोडला नाही. बायको तेवढी सुटली. अकरा वर्षं वाट बघून व्हेल्मा भावाकडे निघून गेली. पुढे गुडघे गेले तेव्हा डेलमर गावात परतला आणि इथल्या टीमचा कोच झाला. घरी जाऊन करायचं काय होतं?

कोचने तिसऱ्या बेसपाशी उभं राहून बोलायचं नसतं, खुणा करायच्या असतात. टोपीला हात लावला की पुढचा बेस चोर, म्हणजे फटक्याची वाट न बघता गुपचूप पळून गाठ. डोळे पुसले की चेंडू जोरात मारू नको, नुसता टेकव. हात गोल फिरवला की घराकडे पळ. शेवटच्या बेसला आमच्यात घरच म्हणतात. डेलमर कधी रडत नसे, म्हणून डोळ्यांची खूण त्याला अगदी सोयीची वाटली होती.

मोसमातली शेवटची मॅच. आपली दोन पोरं बेसवर, एक धाव हवी. डेलमरने सहज वर पाहिलं, तर प्रेक्षकांत व्हेल्मा! तीच गवती हॅट. त्याचा हात आपोआप वर गेला आणि भिरभिरला.

तिसऱ्या बेसवरचा टिंक सुटला आणि घरापाशी अलगद बाद झाला.

"तुला कुणी पळ म्हटलं रे?"

"तुम्हीच! एवढा मोठा हात फिरवलात!"

"बाईला हात केला, गाढवा!"

"कुठल्या बाईला?"

"माझ्या... म्हणजे, होती माझी."

शरमून त्याने टोपी काढली. पहिल्या बेसवरचा पोरगा दुसऱ्याकडे धावला. तोही गेला. मग मात्र डेलमरचे डोळे भरून आले, आणि त्याने ते पुसले. गावातला सगळ्यात दांडगा फलंदाज होता समोर. त्याने आज्ञाधारकपणे चेंडू टेकवला, तिसरा गडीही बाद, आणि खेळ खलास.

पोरं त्याच्याकडे न बघता सामान आवरायला लागली. बघत होती ती एकटी व्हेल्मा. आणि ऐका, तिने उभं राहून टोपीला हात लावला, डोळे पुसले आणि हात गोल फिरवला. घराकडे पळ! डेलमर मोडक्या गुडघ्यांनी निघाला तो घराचा बेस तुडवून थेट तिच्यापुढे. पंचाने सवयीने दोन्ही हात पसरले आणि ओरडला, "सेफ!"

"मग?" काउंटरवरच्या ट्रकवाल्याने ॲपल-पाय खायचं थांबवून विचारलं.

त्याच्या कपात कॉफी ओतणाऱ्या म्हातारीने किटली खाली ठेवली.

"किती खोटं बोलशील, डेलमर? गांधीलमाशी हाकलत होते मी त्या दिवशी. खूण तर निघून जायच्या आधी अकरा वर्षं रोज करत होते. तेव्हा कुठे बघायचास?"