पडद्यांचा भाव आणि नथूमामांची छत्री

नथूमामांनी मला फसवलं. एकदा नाही, अकरा वर्षं. आणि प्रत्येक वेळी दुकानात छत्री विसरून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लिहिण्याच्या ओघात त्यांच्याबद्दल माझ्याकडून काही बरं लिहिलं गेलं तर कोणाचा गैरसमज व्हायला नको.

छत्री काळी, लाकडी मुठीची. मामा ती बाराही महिने बाळगतात. मे महिन्यात छत्री कशाला, असं विचारलं तर म्हणतात, "ऊन काय खालून येतंय? पानी पडतं तिथूनच पडतंय." खरेदी आटोपून आम्ही स्कूटरपाशी येतो, मी किल्ली लावतो, आणि मामा कपाळावर हात मारतात. "छत्री राह्यली." मग ते परत जातात आणि वीस-वीस मिनिटं येत नाहीत. दहा बाय बाराच्या दुकानात छत्री शोधायला वीस मिनिटं कशी लागतात, हे मी त्यांना पन्नास वेळा विचारलं असेल. उत्तर एकच, "सापडत नव्हती." म्हातारा माणूस, विसरतो, म्हणून मी सोडून द्यायचो. बाजारात मी कोणाला काही सोडत नाही. यांना सोडलं, तिथेच चुकलो.

मामा आमचे शेजारी. बोळिंजला आमची इमारत आहे ती जागा त्यांच्या भावकीची, भाताची खाचरं होती तिथे. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात मामांना दुसऱ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट दिला आणि त्याला लागूनचा मी विकत घेतला. नवीन भाडेकरू जिन्यात भेटला की मामा त्याला घर नंबर विचारत नाहीत. "बांधावर राहता की खाचरात?" असं विचारतात. आमचा हॉल, त्यांच्या मते, जुन्या विहिरीवर आहे. त्यामुळे तिथे मोठ्याने बोललं की आवाज घुमतो. हे ते माझ्याकडे न बघता सांगतात.

हयातभर त्यांनी मंडपाचं काम केलं. लग्नं, बारशी, निर्मळच्या जत्रेतली दुकानं. कापड म्हटलं की मामांना सोबत न्यायचं, हा आमच्या घरचा नियम. नियम माझ्या बायकोने, भारतीने घातलेला. हेही लक्षात ठेवा.

आता माझ्याविषयी थोडं. नायगावला माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. शून्यातून उभं केलं, कोणाचा आधार नव्हता. सांगितलेल्या भावात मी आजवर फक्त बसचं तिकीट काढलंय. माझी पद्धत सोपी आहे. तीस तागे उलगडायला लावायचे, प्रत्येकाला नाक मुरडायचं, आपला भाव सांगायचा आणि उठायचं. पायरी उतरेपर्यंत मागून हाक येते. हाक मारली की दुकानदार संपला. नातेवाईक लग्नाचा बस्ता बांधायला मला बोलावतात. माझी इज्जत आहे ती त्यावर.

पडदे घ्यायची वेळ आली ती समोरच्या नव्या टॉवरमुळे. एक दिवस भाजीच्या गाडीवर त्या टॉवरमधल्या अनोळखी बाईंनी भारतीला विचारलं, काल तुमच्याकडे पापलेट होतं ना? माझं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी मी घरात काय काय बोललो ते सांगत नाही. रविवारी मी, भारती आणि मामा वसईच्या बाजारात जिग्नेशभाईच्या पडद्यांच्या दुकानात हजर.

मामांना दुकानात नेणं म्हणजे डोक्याला ताप. आपण कपाळाला आठ्या घालून आत शिरावं आणि यांनी नोकराला विचारावं, "जेवलास काय?" झाला ना भाव पंचवीस रुपयांनी वर! वर पुन्हा कापड हाताने बघणं त्यांना मान्य नाही. स्टूल मागवतात, त्यावर चढतात आणि तागा वरून सोडतात. "हातात सगळंच कापड गोड बोलतं. पडताना खरं बोलतं." मला तपकिरी हवा होता, मळ दिसत नाही. भारतीला मोरपंखी. मामांनी दोन्ही सोडून पाहिले. तपकिरी धपकन खाली आला. मोरपंखी हवेत जरा रेंगाळून, चुण्या सांभाळत उतरला. मामा स्टुलावरूनच म्हणाले, "तपकिरी लावायचा तर समोरच्यांनाच लाव."

मी मोरपंखीचा भाव विचारला आणि त्याच्या जवळजवळ निम्मा सांगितला, शिलाईसकट.

जिग्नेशभाईचा चेहरा उतरला. "शेठ, इतक्यात कापडपण नाही निघत. शिलाई मी कुठून काढू?"

मी उठलो. भारतीचा दंड धरून तिलाही उठवलं. पायरी उतरलो. हाक नाही. फुटपाथवर आलो. हाक नाही. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. कानशिलं तापली. भारती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात घरी पुढे काय होणार याची भीती होती. तेव्हा मला ती चेष्टा वाटली. मी तिच्यावर ओरडणार इतक्यात ध्यानात आलं, मामा आतच राहिलेत. छत्री.

आणि मग हाक आली. "या शेठ. तुमचाच भाव."

पंधरा दिवसांनी पडदे लागले. भाव तर मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितला. पडद्याचा खालचा काठ हाताने शिवलेला होता, टाका शोधूनही दिसत नव्हता. मी म्हटलं, बघा, दटावलं की माणसं कामही चोख करतात.

फक्त हुक दोन कमी निघाले. दोन हुक म्हणजे काही कमी नाही. बुधवारी दुपारी कोणाला न सांगता, भांडायच्या तयारीने मी दुकानात गेलो.

आत, काउंटरच्या मागे, जमिनीवर मांडी घालून मामा बसले होते. मांडीवर कोणा तिसऱ्याच घरचा गुलाबी पडदा, हातात सुई, शेजारी अर्धा कप चहा. छत्री भिंतीवर, खिळ्याला. खिळा नवा नव्हता. मुठीच्या वजनाने खाली वाकलेला होता.

मी जिग्नेशभाईला धारेवर धरलं. तो आधी हुकांविषयी बोलत राहिला. मग त्याचा बांध फुटला. "त्या भावात मला परवडत नव्हतं शेठ. मामा बोलले, त्याला देऊन टाक, बाकीचं मी बसून शिवून देतो. तुमच्या सोफ्याच्या वेळेला पण हेच. गादीवाल्याकडे पण हेच. मामांना सगळा बाजार ओळखतो."

साडीवाल्याला त्यांनी पावसाळ्यात दुकानापुढची ताडपत्री शिवून दिली होती. मी जिंकलेला एकेक भाव या माणसाने सुईने भरून काढला होता.

मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ओरडलो. तुम्हाला कोणी सांगितलं होतं, मला भिकारी समजलात का, वगैरे. मामांनी दोरा दाताने तोडला आणि नवा ओवायला घेतला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा गेला. मग म्हणाले, "भाव मिळाला की तू आठ दिवस घरात ओरडत नाय. तुझी पोर मग गाना म्हनते. एरवी म्हनत नाय."

 खिळ्यावरची छत्री काढली आणि निघालो. माल अडवून ठेवायची मला सवय आहे.

घरी भारती मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, तुला ठाऊक होतं?

ती म्हणाली, "दर वेळी निघताना छत्री त्यांच्या हातात कोण द्यायचं?"

मान वर केली नाही. मेथी निवडत राहिली. आतल्या खोलीत आमची मुलगी, आता बारावीला आहे, वही मिटून गप्प बसली होती. मी आत आलो की ती अशीच बसते. मला वाटायचं, अभ्यासू आहे.

संध्याकाळी मी छत्री हातात घेऊनच जाब विचारायला मामांच्या दारावर धडकलो. ते उंबऱ्यात चपला काढतात तेव्हा बोलणं होतं, पण आत मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. आत फार काही नाहीच. मामी गेल्या, मुलगा दुबईला. एक खुर्ची, एक टेबल, आणि आमच्या हॉलच्या भिंतीला चिकटवलेली खाट. इतकी चिकटवलेली की त्या बाजूचा रंग उशीच्या उंचीवर निघून गेला होता.

मी म्हटलं, माझ्या आवाजाचा एवढा त्रास होतो, तर खाट या भिंतीला कशाला? त्या बाजूला न्या.

मामा त्या बाजूच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "तिथे पल्याड कोन नाय. नुसता डक्ट हाय. पाइप वाजतात."

मग त्यांनी मला पडद्यांविषयी विचारलं. सकाळचं ऊन पडतं तेव्हा मोरपंखी रंग कसा दिसतो? मी सांगितलं, चांगला दिसतो. ते म्हणाले, "वाटलंच. पडताना नीट पडला होता." आमचे कमी पडलेले हुक, शिवताना त्यांच्याकडेच राहिलेले, त्यांनी टेबलाच्या खणातून काढून दिले. दोनच.

मी परत आलो तेव्हा छत्री माझ्याच हातात होती.

तर हे असं आहे. बरं लिहिलं गेलंच, पण माझी तक्रार मागे घेतलेली नाही. माझ्या घरात, माझ्या भावावर, माझ्या पाठीमागे तिघांनी संगनमत केलं. नथूमामा, भारती आणि जिग्नेशभाई यांनी आमच्या हॉलमध्ये, त्या पडद्यांसमोर एकत्र बसून मला उत्तर द्यावं. अकरा वर्षांत मी एक तरी भाव स्वतःच्या जोरावर पाडला का? एक तरी. केळ्यांचा असला तरी चालेल. मी शांतपणे ऐकून घेईन, पोरीला वाटलं तर तिला शेजारी बसून गाणं म्हणू दे. पण उत्तर पाहिजे. मामा, छत्री आमच्या दाराच्या आत टांगली आहे. त्यासाठी कालच मी नवा खिळा ठोकलाय. या, उत्तर द्या आणि घेऊन जा.