बॉनेटला वळसा

चष्मेवाल्यांनी गाडीचं दार स्वतःच दुरुस्त करायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्या हातात चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर होता. स्क्रूड्रायव्हर काडीपेटीतल्या काडीएवढा होता, पण आत्मविश्वास चांगला हातभर होता.

गाडी जुनी, छोटी आणि दोनच दारांची. (मागे बसणाऱ्याने पुढची सीट वाकवून आत शिरायचं आणि बाहेर पडताना देवाचं नाव घ्यायचं.) चालकाच्या शेजारचं दार आतून उघडत नसे. आतली कडी ओढली की ती निमूटपणे पुढे यायची, पण दाराला त्याची खबरही लागायची नाही. बाहेरून मात्र नुसतं बोट लावलं तरी दार उघडायचं. त्यामुळे रोज संध्याकाळी बायकोला ग्रंथालयातून घेऊन चष्मेवाले घरी आले की गाडी थांबवायचे, उतरायचे, बॉनेटला वळसा घालून पलीकडे जायचे, दार उघडायचे आणि अदबीने बाजूला उभे राहायचे. मग ग्रंथपालबाई पर्स सावरत सावकाश उतरायच्या.

गल्लीला कडीचं दुखणं ठाऊक नव्हतं. गल्लीला दिसत होता तो लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोसाठी दार उघडणारा नवरा. चष्मेवाल्यांचं नाव झालं. बसल्या जागी मिळालेलं चांगलं नाव कोणी परत करत नाही, त्यांनीही केलं नाही.

त्यात भर म्हणून हा सोहळा दिव्याच्या उजेडात व्हायचा. दाराच्या चौकटीत एक बटण होतं. दार लागलं की ते दाबलं जाऊन छतातला दिवा विझायचा, अशी मूळ योजना. पण बटण झिजलेलं. दार लावलं तरी गाडीला वाटायचं, ते उघडंच आहे. मग दिवा जळत राहायचा आणि एक बारीक भोंगा रडत राहायचा. बाईंनी चौकटीवर तळहाताचा एक ठेवून दिला की दोन्ही गप्प व्हायचे, पण तोवर दोघं नवराबायको सगळ्या गल्लीला रंगमंचावर बसल्यासारखे दिसायचे.

या नाटकाचे कायमचे प्रेक्षक म्हणजे समोरच्या बाल्कनीतले वकील आणि वकिलीणबाई. वकिलीणबाई बघायच्या आणि मग नवऱ्याकडे बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, त्यामुळे वकिलांना उलटतपासणीही घेता यायची नाही. शेवटी एक दिवस ते चष्म्याची दांडी सैल झाल्याचं निमित्त करून दुकानात आले आणि दुकान रिकामं आहे असं बघून हळूच म्हणाले, "तुम्ही ते दार उघडणं बंद करा हो."

"का बरं?"

"मलाही करावं लागतंय. आमच्या नव्या गाडीची दारं बटण दाबलं की सुटतात. मी वळसा घालून पोचेपर्यंत ही उतरलेली असते, आणि मग मला उशीर झाला म्हणून बोलणी खातो. गुडघे गेले माझे."

चष्मेवाल्यांची पंचाईत झाली. बंद करावं तर बायको गाडीतच राहणार. खरं सांगावं तर ते संध्याकाळच्या आत गल्लीभर होणार. "बघतो," एवढंच ते म्हणाले आणि वकिलांच्या चष्म्याचा स्क्रू पिळता पिळता त्यांनी तो निर्णय घेतला.

रविवारी सकाळी त्यांनी गाडीच्या दाराचं आतलं पॅनल उतरवलं. बाईंनी गॅरेजमध्ये द्या म्हणून सुचवून पाहिलं. त्यावर, आपण दिवसभर मोहरीएवढ्या स्क्रूंशी झुंजतो, त्यापुढे दार म्हणजे काय, मोठ्या मापाची चष्म्याची फ्रेमच, असं उत्तर मिळालं. बाई आत जाऊन पुस्तक वाचत बसल्या. (नवरा काही दुरुस्त करत असताना त्या नेहमी जाडसं पुस्तक घेत.)

दाराच्या पोटात कडीची सळई एकटीच लोंबत होती. सळई आणि कडी यांना एकत्र धरणारी नखाएवढी प्लॅस्टिकची क्लिप तळाशी पडली होती. चष्मेवाल्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग जरा लांब धरली, मग हात पोचेल तितकी लांब धरली आणि तुटली आहे असा निकाल दिला. कंपन्या हल्ली फार बारीक वस्तू बनवतात, असं त्यांचं मत होतं. वर्तमानपत्रंही बारीक छापायला लागली होती, औषधांच्या बाटल्यांवरही मुंग्याच चालत होत्या. सगळं जग हळूहळू बारीक होत चाललं होतं आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन केला, तर त्याने गाडीचं नाव ऐकून, "ती अजून चालते?" असं इतक्या मनापासून विचारलं की चष्मेवाल्यांनी फोनच ठेवून दिला.

मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मात्र त्यांना शाबासकी द्यायला हवी. त्यांनी स्वतःच्या बाजूच्या दाराचं पॅनल काढलं, चाचपडत तिथली धड क्लिप सोडवली आणि बायकोच्या दाराला बसवली. स्वतःच्या सळईला चष्म्याच्या फ्रेमची तार गुंडाळली. आपलं काय, तारेवरही भागेल, असं ते मनाशी म्हणाले. झिजलेल्या बटणावर, चष्मा नाकावर टेकतो ती रबरी गादी चिकटवली. दार लावलं. दिवा विझला, भोंगा गप्प झाला. चष्मेवाल्यांना स्वतःचाच इतका अभिमान वाटला की त्यांनी दार पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गल्लीत थांबली. चष्मेवाले जागचे हलले नाहीत. गालातल्या गालात हसत ते बायकोला म्हणाले, "ओढ कडी."

बाईंनी कडी ओढली. दार उघडलं. बाई उतरल्या नाहीत.

"तुम्ही नाही येणार?"

"कशाला? आता उघडतंय की आतून."

बाई उतरल्या आणि दार लावून एकट्याच घराकडे चालू लागल्या. समोरच्या बाल्कनीत वकिलांनी समाधानाचा एक मोठा श्वास सोडला.

जेवताना घरात ताटवाट्यांचाच काय तो आवाज. चष्मेवाल्यांनी दाराची आठवण करून दिली, तर बाई छान झालं म्हणाल्या. बटणाची आठवण करून दिली, तर तेही छान झालं म्हणाल्या. लागोपाठ दोनदा छान म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय, एवढं कळण्याइतका संसार त्यांचा झाला होता. शेवटी त्यांनी सरळच विचारलं.

"तुम्ही दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता," बाई ताट उचलत म्हणाल्या. "घरी आलात की पेपरात. माझ्याकडे बघायचात ते फक्त ते दार उघडताना. ते खराब आहे म्हणून येता, हे माहीत होतं मला. पण यायचात."

 चष्मेवाल्यांना फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत आपण नेमकं काय उघडत होतो, हे त्यांना त्या रात्री कळलं. झोपण्यापूर्वी त्यांनी मनाशी ठरवलं की दार आतून उघडो नाहीतर न उघडो, उद्यापासून वळसा घालायचा. वकिलांच्या गुडघ्यांचं वकील बघून घेतील.

तिसऱ्या दिवशी गल्लीत शिरताच ते म्हणाले, "तू उतरू नकोस. बसून राहा."

बाई बसून राहिल्या, पर्स मांडीवर घेऊन, अगदी पूर्वीसारख्या. चष्मेवाल्यांनी झोकात आपल्या बाजूची कडी ओढली. दाराच्या पोटात टिंग असा आवाज झाला आणि कडी निमूटपणे पुढे आली.

त्यांनी पुन्हा ओढली. मग खांदा लावला. त्या धक्क्याने बटणावरची रबरी गादी निसटून कुठेतरी पडली, छतातला दिवा लागला आणि भोंगा रडू लागला. काच खाली करून बाहेरची कडी धरावी, तर त्या बाजूची काच मागच्याच वर्षी गाडीने कायमची वर नेऊन ठेवली होती. बाल्कनीतून वकिलीणबाईंना दिसलं ते एवढंच : उजेडात चष्मेवाले दाराशी झटापट करताहेत आणि शेजारी त्यांची बायको शांत बसली आहे.

"तार तुटली वाटतं," चष्मेवाले शेवटी म्हणाले. आणि मग क्लिपची, तारेची, कोणाची कुठे लावली याची सगळी हकीकत त्यांना सांगावी लागली.

बाई ऐकत होत्या. समोरच्या खणात ती जुनी क्लिप पडली होती, ती त्यांनी उचलून दिव्याखाली धरली. "हीच का ती तुटलेली?"

"हीच."

"अहो, ही धड आहे. नुसती निसटली होती. ही खाच दाबायची की झालं."

"आण इकडे." चष्मेवाल्यांनी क्लिप घेतली आणि हात लांब केला. आणखी लांब केला. हात समोरच्या काचेला जाऊन टेकला.

बाई क्लिपकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याच्या बारीक केलेल्या डोळ्यांकडे बघत होत्या. "गाडी संपली, आता हात कुठे नेणार?" त्या म्हणाल्या. "चष्मा लागलाय तुम्हाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

मग त्यांनी क्लिप काढून घेऊन पर्समध्ये टाकली, चौकटीवर तळहाताचा एक ठेवून दिला, आपलं दार उघडून उतरल्या, बॉनेटला वळसा घातला, नवऱ्याचं दार उघडलं आणि अदबीने बाजूला उभ्या राहिल्या. क्लिप माझ्या दाराला लावून टाकू का, असं चष्मेवाल्यांनी उतरता उतरता विचारलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "आता थोडे दिवस मी येते."

वकील आता खूश आहेत. चष्मेवाल्याला बायकोच्या परवानगीशिवाय गाडीतून उतरताही येत नाही, असं ते बाल्कनीतून रोज दाखवून देतात. वकिलीणबाईंना ही पद्धत फारच पसंत पडली आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःचे डोळे तपासले. नंबर चांगलाच भरला. संध्याकाळी घाईघाईने नवा चष्मा बनवून तो लावूनच ते गाडीत बसले. गल्लीत आल्यावर बाई वळसा घालून आल्या, दार उघडलं, आणि चष्मेवाल्यांनी उतरण्याआधी मान वर करून त्यांच्याकडे अगदी मन लावून पाहिलं. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या त्यांना पहिल्यांदाच दिसल्या, आणि त्या त्यांना आवडल्या. उजवीकडे, गालापाशी तेवढं काहीतरी अंधुक दिसत होतं. डोळे भरून आले असतील, असं त्यांना वाटलं.

"काय बघताय एवढं?"

"तुलाच."

बाई खाली वाकल्या. त्यांनी हात पुढे करून चष्म्याच्या उजव्या काचेवरचं कंपनीचं स्टिकर नखाने हलकेच सोलून काढलं आणि ते नवऱ्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं.

"आता बघा," त्या म्हणाल्या.