अब्बांची सवलत

कवळीवाल्या चाचांचा मोबाईल दिवसातून पाच वेळा वाजायचा आणि पाचही वेळा फोन लेकीचाच असायचा. चाची गेल्यापासून परगावी सासरी असलेल्या लेकीने हा नेमच धरला होता. नमाज पढून चाचा घरात किंवा दुकानात पाऊल टाकतात न टाकतात तोच घंटी. "अब्बा, नमाज झाली? जेवलात? गोळी घेतलीत?" नमाज कुठलीही असो, प्रश्न तेच.

"अगं, पहाटे फजरला कोण जेवतं?" चाचा खेकसायचे.

"म्हणजे रात्री जेवला होतात ना?"

चाचांचं दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. फळीवर जबड्यांचे साचे मांडलेले आणि चाचांचे हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले. त्यामुळे मोबाईल कान आणि खांद्यामध्ये दाबून मान वाकडी करून बोलावं लागे. एका दुपारी अशाच वाकड्या मानेने त्यांनी निवृत्त हेडमास्तरांची कवळी एका आजीबाईंच्या डबीत घातली आणि आजीबाईंची हेडमास्तरांच्या. संध्याकाळी हेडमास्तरांचा सत्कार होता. "विद्यार्थ्यांनो" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दाआधी दात टेबलावर आले. सकाळी आजीबाई तावातावाने भांडायला आल्या, पण ओठ काही केल्या मिटेनात. बिचाऱ्यांना शिव्याही हसतमुखाने द्याव्या लागल्या.

दुकानात कवळ्यांना पॉलिश करायला चाचांचा मेहुणा असे. त्याच्या हातापेक्षा तोंडच जास्त चालायचं.

"भाईजान, लेकीकडे सवलत मागा की!"

"बापाने लेकीकडे सवलत मागायची?"

"का नाही? मेराजची गोष्ट विसरलात? आपले नबी, पैगंबरसाहेब, आसमानात गेले, तिथे हुकूम झाला, दिवसाला पन्नास नमाजा. परतताना आधीच्या जमान्यातले नबी हजरत मूसा भेटले. म्हणाले, तुमच्या लोकांना झेपायचं नाही, मला माझ्या लोकांचा अनुभव आहे. परत जा, कमी करून आणा. नबी गेले, कमी झाल्या. मूसा म्हणाले, अजून जा. असं करत करत पन्नासच्या पाच झाल्या. आणि मग..."

"कळलं, कळलं," म्हणत चाचा मोबाईल घेऊन बाहेर गेलेसुद्धा. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट, ती शेवटपर्यंत कोण ऐकत बसणार!

लेकीने दुपारचा, जोहरचा फोन मुकाट्याने सोडला. मेहुणा खूश झाला. "बघा! अजून जा." दुकानातली गर्दी पुढे करून चाचांनी दिवस कलतानाचा, असरचा कमी करून आणला. मग फजरचा, लेकीची झोपमोड नको म्हणून. मग मगरिबचा, तिच्या स्वयंपाकाची वेळ म्हणून. खरं तर तोवर चाचांना कामापेक्षा सवलतीचीच गोडी लागली होती. राहता राहिला रात्रीचा, इशाचा एक फोन. मेहुणा म्हणाला, "एवढं मानतेय तर आठवड्यावर न्या."

या वेळी लेकीने "नक्की ना?" असं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बरं अब्बा. जुम्म्याच्या जुम्म्याला करीन."

त्यानंतर एकाही कवळीची अदलाबदल झाली नाही. घरी मात्र चाचा नमाजेहून परतले की कुलूप उघडायचे आणि उंबऱ्यातच उभे राहायचे. आता कोणीतरी काहीतरी विचारणार, असं वाटायचं. कोणी विचारत नसे. गोळी घ्यायची राहून जाई. जेवण झालं तरी ते कोणाला सांगायचं, हा प्रश्नच होता. चाचांना फार एकटं वाटू लागलं आणि हे आपणच मागून घेतलंय, याचं त्याहून वाईट वाटू लागलं.

शेवटी त्यांनी न राहवून दुकानातून स्वतःच फोन लावला.

"बेटी, ते पाच फोन पुन्हा सुरू कर. मला कसला आलाय त्रास!"

"अब्बा, आता कसं जमणार? मी नोकरी धरली. अम्मीने जाताना सांगितलं होतं, अब्बांना रिकाम्या घरात शिरायची सवय नाही, आत आल्या आल्या आवाज दे. म्हणून करत होते. तुम्हाला नको झालं, मग मलाही दिवस खायला उठला. आता जुम्म्यालाच वेळ होईल."

"होय होय. तेवढं पुष्कळ आहे," चाचा कसेबसे म्हणाले आणि फोन ठेवून प्लास्टर कालवायला लागले. त्यात पाणी फार पडलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

मेहुण्याने सगळं ऐकलं होतं. "भाईजान, परत लावा. निदान दोनवर तरी आणा."

"नको रे. आता मागायला लाज वाटते."

मेहुण्याने पॉलिशचं यंत्र बंद केलं. "आपली कुठली बरोबरी, पण नबीसुद्धा शेवटी हेच म्हणाले होते. पाच झाल्यावरही मूसा म्हणत होते, अजून एकदा जा. तर नबी म्हणाले, आता मागायला लाज वाटते. आणि पाचावर थांबले."

"हे तू मला त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"सांगतच होतो. तुम्ही फोन घेऊन बाहेर गेलात."

चाचांनी ते पातळ झालेलं प्लास्टर ओतून टाकलं. मग म्हणाले, "आता सांग. पुढे काय झालं?"

"पुढे अल्लाने फर्मावलं, पढायच्या पाचच, पण सवाब पन्नासचा, पुण्य पन्नासांचं."

"आणि ज्याने रोजच्या पाचांचा आठवड्याला एक करून आणला, त्याला?"

मेहुण्याने पुन्हा यंत्र सुरू केलं. "ते गोष्टीत नाही, भाईजान."