गच्चीवरची खाडी

नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या शेजारी राहणारे जाधव सुभेदार रोज सकाळी सहाला गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कयाक वल्हवत. कयाक म्हणजे दोघांपुरती चिंचोळी होडी. ती तिथे नव्हती, पाणीही नव्हतं. होता तो दोन्ही टोकांना डब्यांची झाकणं ठोकलेला बांबू. "एक-दो, एक-दो!" ऐकू आलं की आमच्या घरात चहाचं आधण चढे.

सुभेदार तोफखान्यातले, देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले. "कार्यक्रमात बदल नाही!" हे त्यांचं लाडकं वाक्य. एका लग्नात साडेबाराचा मुहूर्त होता. नवरी अजून तयार होत होती, तरी यांनी साडेबाराला रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या आणि पंगतीत जाऊन बसले.

कयाकचं खूळ मात्र जाधव वहिनींमुळे सुरू झालं. त्यांचं माहेर डहाणूकडे, खाडीकाठी. घर पडलं, पायवाट तिवरांच्या झाडीत बुजली. उरलाच असेल तर दगडी धक्का, जिथे बसून लहानपणी त्या वडिलांच्या होडीची वाट बघत. खुब्याचं हाड मोडल्यापासून वहिनींना गच्चीला लागून असलेल्या त्यांच्या खोलीतून जिनाही उतरवेना. "तो धक्का आहे की गेला, एवढं तरी कळायला हवं होतं," असं त्या एकदा म्हणाल्या आणि सुभेदारांनी कयाकने धक्क्यापर्यंत जायची मोहीम जाहीर केली. सोबत मी, शेजारचा शाळामास्तर. मला पोहता येत नाही, हे सांगून पाहिलं.

"मलाही येत नाही, सर," ते म्हणाले. "प्रश्न मिटला."

हरसूलचा घाट उतरून आम्ही आदल्या दिवशीच खाडीवर पोचलो. सुभेदारांच्या खिशात कागद होता: नऊला प्रस्थान, दहाला धक्का, साडेअकराला परत. कयाक भाड्याने देणारा म्हणाला, "काका, पाणी उतरतंय. दुपारी भरतीला जा."

"कार्यक्रमात बदल नाही!"

आम्ही पडलो नाशिककर. आमच्या धरणातलं पाणी उतरायला दिवाळीपासून मेपर्यंत वेळ लागतो. पाणी तासाभरात उठून चालू लागतं हे आमच्या गावीही नव्हतं. दोन्ही बाजूंना तिवरं, त्यांची चिखलातून वर आलेली मुळं, आणि मधे आमची कयाक हळूहळू तळाला टेकली.

"बसा आता दुपारपर्यंत!" मी चिडून म्हणालो.

सुभेदारांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरले, कयाकची दोरी कमरेला बांधली आणि ओढायला लागले. "एक-दो, एक-दो!" शरमेने मीही उतरलो. एक चप्पल कायमची गेली. दोनदा ते तोंडावर पडले, दोनदा उठले. वळण ओलांडलं आणि समोर धक्क्याच्या तीन पायऱ्या दिसल्या. कालवांच्या शिंपल्यांनी मढलेल्या, पण शाबूत.

सुभेदार सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता जयजयकार होणार. पण ते पायरीवरचा चिखल हाताने निपटायला लागले.

"सर, आयुष्यभर मी हिला सांगत आलो, माहेरी न्यायला रजा मिळत नाही," ते म्हणाले. "एकदा मिळाली होती. हिचे वडील आजारी होते तेव्हाच. तोफांचा सराव होता, मीच घेतली नाही. पुढच्या महिन्यात ते गेले."

त्यांनी चिखलात पडलेली कांदळाची, म्हणजे तिवरांतल्याच एका झाडाची, हिरवी, लांब शेंग उचलून रुमालात गुंडाळली. पाणी येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

घरी जाऊन त्यांनी वहिनींना धक्क्याचं सांगितलं, आणि रजेचंही. दोन दिवस वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सुभेदारांनी मुकाट्याने गच्चीवर टबात चिखल भरून शेंग रोवली. रोज सकाळी सहाला मिठाचं पाणी भरायचं, बाराला काढायचं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी आपली खुर्ची खोलीतून टबाशेजारी हलवायला लावली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "अहो, भरती रोज त्याच वेळी येत नसते. पाऊण तासाने पुढे सरकते."

तेव्हापासून सुभेदारांचा चहा, फिरणं, जेवण, सगळं रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. परवा ते दुपारी दोनला बादली घेऊन गच्चीवर चढत होते.

"काय सुभेदार, कार्यक्रमात बदल?" मी विचारलं.

"वरून ऑर्डर आहे," ते म्हणाले आणि पाणी सांडू न देता जिना चढू लागले.